परळची प्रयोगशाळा आणि बीरगांवची पुडी

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या वाटेवर बीरगांव वसले आहे. एके काळी ते नावाप्रमाणे गावच होते. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांनी त्याचे कामगारनगरीत रूपांतर केले, आणि आज तेथे स्वतंत्र नगर निगम नांदत आहे. ज्या वस्तीला कारखाना पोसतो त्या वस्तीत माणसे चहूंकडून येतात आणि येताना आपली भाषा, आपले देव आणि आपल्या सवयीही बरोबर आणतात. तेथील एखाद्या पानठेल्यावरील माल पाहिला तरी हे ध्यानात येईल. तंबाखूची पूड आणि गुळाची काकवी ह्यांपासून केलेल्या गुडाखूची चिमुकली डबी ही ह्याच मातीतली. छत्तीसगडातील पुरुषच नव्हे तर स्त्रियाही ती बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात. चुन्याबरोबर तळहातावर मळून खालच्या ओठामागे ठेवायची खैनी बिहार आणि उत्तर प्रदेशाकडील. आणि सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा हा तर आपल्या नागपूर, भंडारा, गोंदियाचा पाहुणा.

ह्या तीन जिनसांचा उल्लेख एखाद्या इतिहासविषयक लेखाच्या आरंभी पाहून वाचकांस किंचित नवल वाटेल. परंतु भारतातील कर्करोग-संशोधनाचा इतिहास सांगावयाचा तर तो अशाच ठेल्यापासून सांगितला पाहिजे. आपल्याकडे ह्या रोगाच्या कारणांचा शोध दुर्मीळ यंत्रांपासून सुरू झाला नाही. 'हा माणूस काय खातो, काय नेसतो, काय चघळतो आणि ते तोंडात कोठे ठेवतो?' ह्या साध्या प्रश्नापासून तो सुरू झाला. हा प्रश्न शास्त्रीय शिस्तीने ज्यांनी विचारला त्यांत मराठी माणसे अग्रभागी होती. त्यांना मिळालेले उत्तर आज सत्तर वर्षांहून अधिक जुने आहे, आणि तरीही बीरगांवच्या पानठेल्यापर्यंत ते पुरतेपणी पोहोचलेले नाही. ह्या दोन गोष्टींमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

(१)

गाठींचा रोग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत 'अर्बुदा'चे वर्णन आहे. पण रोगाचे वर्णन करणे निराळे आणि त्याचे कारण शोधणे निराळे. कारणाच्या शोधाचा आरंभ सामान्यतः लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांच्यापासून मानतात. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील वयात अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे, हे त्यांनी १७७५ मध्ये दाखविले. पुढे १८६६ मध्ये काश्मिरातील एल्म्सली नामक डॉक्टरांनी कांगडीच्या कर्करोगाची नोंद केली. थंडीत कपड्यांखाली निखाऱ्यांची शेगडी बाळगणाऱ्या काश्मिरी माणसाच्या पोटाच्या वा मांडीच्या त्वचेवर हा रोग उद्भवतो. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोपडून कर्करोग प्रत्यक्ष निर्माण केला, आणि पॉट ह्यांच्या अनुमानाला प्रयोगाचा आधार मिळाला.

हिंदुस्थानात तोंडाचा कर्करोग फार आढळतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून डॉक्टरांच्या नजरेस येत होते. तथापि एकेका रुग्णालयातील एकेका डॉक्टराच्या निरीक्षणाचे शास्त्र होण्यास एका संस्थेची आवश्यकता होती. मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि ती उणीव दूर झाली. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्या दुःखातून सर दोराबजी टाटा ह्यांच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून आलेले गृहस्थ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

(२)

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. ह्या गोमंतकीय घराण्यातील विद्वानाने लंडन येथे विकृतिशास्त्राची एम. डी. ही पदवी १९२३ मध्ये संपादन केली आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. विकृतिशास्त्रज्ञाचे काम प्रायः रोग्याच्या देहातून काढलेल्या तुकड्याशी असते. रोग्याशी त्याची गाठ क्वचितच पडते. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, काचपट्टीवरील तुकडा पाहताना तो ज्याच्या देहातून आला त्या माणसाचा प्रांत, जात, व्यवसाय आणि व्यसन ह्यांचा विसर त्यांनी पडू दिला नाही.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई ह्यांच्या सहकार्याने त्यांनी जो निबंध लिहिला, त्याचा विषयच 'रूढी आणि कर्करोग' असा होता. त्यात भारतातील तीन नवे प्रकार वर्णिले होते. कंबरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने जेथे कातडी काळवंडते व घासली जाते, तेथे उद्भवणारा 'धोतराचा कर्करोग' हा त्यांपैकी एक. आणि खैनी जेथे दाबून ठेवतात त्या ओठामागच्या खोबणीत होणारा कर्करोग हा दुसरा. धोतर मागे पडले म्हणून हे निरीक्षण जुने झाले असे मात्र नव्हे. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी परकराच्या नाडीने कंबरेवर झालेल्या अशाच कर्करोगाचे वृत्त प्रसिद्ध केले आहे.

ह्या निबंधामागील विचार नीट पाहिला पाहिजे. कर्करोग हा दैवाचा, पूर्वकर्माचा अथवा रक्ताचा दोष मानला जात असता खानोलकरांनी त्याचा नकाशा मांडला. आणि त्या नकाशातील सीमारेषा वंशाच्या वा धर्माच्या नसून सवयीच्या आहेत असे दाखविले. ज्या ठिकाणी वस्तू टेकते त्या ठिकाणी रोग उमटतो. सवय बदलली की रोगाचे ठिकाण बदलेल, आणि सवय सुटली की रोगही टळेल, हे अनुमान ओघानेच आले. 'प्रतिबंध' ह्या शब्दाला भारतात शास्त्रीय अर्थ मिळाला तो येथे.

१९५२ मध्ये परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. ह्याच सुमारास, १९५० ते १९५४ ह्या काळात, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर ह्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने नकाशाला संख्येची जोड दिली. मुंबईच्या रोग्यांची निरोगी व्यक्तींशी तुलना करून त्यांनी दाखविले की, तंबाखू चघळण्याचा संबंध मुखातील कर्करोगाशी आहे, तर विडी ओढण्याचा संबंध जिभेचे मूळ आणि घसा ह्यांच्या कर्करोगाशी आहे. फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट ह्यांचे नाते डॉल आणि हिल ह्यांनी इंग्लंडात १९५० मध्ये उघड केले होते. ते जगाला पाठ झाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी परळला सिद्ध झालेले आपल्या घरचे सत्य मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांतही अभावानेच आढळते.

(३)

सवय आणि रोग ह्यांची संगती लागली म्हणजे शास्त्राचे समाधान होत नाही. दोहोंच्या मध्ये पेशीत काय घडते हा पुढचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाकडे परळच्या प्रयोगशाळेला नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात डॉ. कमल रणदिवे ह्यांना आहे. पूर्वाश्रमीच्या त्या समर्थ. जन्म पुणे, १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा आणि फर्ग्युसन ही त्यांची विद्यास्थाने. वनस्पतींच्या गुणसूत्रांवर त्यांनी प्रथम संशोधन केले. पुढे विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय ह्यांच्याकडे त्यांनी देहाबाहेर, काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये मानवी कर्कपेशींचा पहिला अखंड वाढणारा वाण सिद्ध झाला. मायदेशी परतल्यावर रणदिव्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील ती पहिली होय. स्तनाचा कर्करोग, अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू ह्यांचे परस्परसंबंध त्यांनी उंदरांच्या शुद्ध वाणांवर अभ्यासिले.

बीरगांवच्या पुडीशी त्यांचा संबंध येतो तो सुपारीच्या निमित्ताने. तंबाखू वाईट हे पटणाराही सुपारीला मंगल मानतो. तिच्यावाचून आपली पूजा होत नाही आणि लग्नही ठरत नाही. १९७६ मध्ये रणदिवे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सुपारी व तंबाखू ह्यांच्या कर्ककारकतेसंबंधीचे प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तंबाखूविना नुसती सुपारीही निर्दोष नसावी ह्या संशयाला बळ आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला १९८५ मध्ये मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. सुपारीला त्याच पंक्तीत बसविण्यास २००४ साल उजाडावे लागले.

सुपारीविरुद्धचा दुसरा पुरावा तोंडाच्या एका विचित्र व्याधीतून आला. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये ती श्वार्ट्झ ह्यांनी १९५२ मध्ये पाहिली, आणि १९५३ मध्ये आपल्याकडे जोशी ह्यांनी तिचे वर्णन केले. गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे दाटत जाते, अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट सोसेनासे होते आणि अखेर तोंड उघडेनासे होते. अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवतो, हे टाटा रुग्णालयाचे पेमास्टर ह्यांनी १९५६ मध्ये नोंदविले. पाच स्त्रियांच्या तोंडातील ही व्याधी पुढे पुडीबंद गुटख्याच्या काळात तरुण मुलांची व्याधी झाली.

(४)

रुग्णालयात येणारा रोगी हा रोगाचा शेवट असतो. त्याचा आरंभ गावात असतो. हे ओळखून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, डेन्मार्कचे पिंडबोर्ग ह्यांच्यासह, खेड्यापाड्यांत गेले. १९६६ ते १९६९ ह्या काळात त्यांनी पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासली. त्यानंतर १९७२ मध्ये महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षावधी तोंडांत डोकावून पाहण्याचा हा उद्योग वरकरणी कंटाळवाणा दिसतो. पण गालावरील पांढरा चट्टा हा कर्करोगाचा पूर्वदूत असू शकतो आणि तो बहुतांशी तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळतो, ही गोष्ट त्यातून स्थिर झाली.

पुढचे पाऊल त्याहून महत्त्वाचे. तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना घरी जाऊन, चित्रे दाखवून, पुनःपुन्हा समजावून सवय सोडण्यास उद्युक्त करण्यात आले, आणि वर्षानुवर्षे त्यांची तपासणी होत राहिली. कित्येकांनी तंबाखू सोडली वा कमी केली आणि त्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण उतरले. सांगितल्याने माणूस ऐकत नाही, हा आपला लाडका समज येथे खोटा ठरला. पुढे केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. तंबाखू अथवा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू अशा तपासणीने सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास लागणारे साहित्य म्हणजे एक विजेरी आणि एक जाणती नजर.

ह्या दरम्यान जीवशास्त्र अणुरेणूंपर्यंत पोहोचले होते. तंबाखू सुकवताना, आंबवताना आणि साठवताना तिच्यातील निकोटिन व तत्सम द्रव्यांपासून नायट्रोसॅमिन नावाची संयुगे तयार होतात. मुखाच्या अस्तरातील पेशींत शिरल्यावर ती डी. एन. ए.च्या रेणूला चिकटतात. पेशी दुभंगताना त्या ठिकाणची अक्षरे चुकीची उतरतात. पेशीजवळ दुरुस्तीची व्यवस्था असते. दुरुस्ती न झाल्यास पेशीला थांबविणारी अथवा नष्ट करणारी पी-५३ सारखी पहारेकरी जनुकेही असतात. एखाद्या दिवशी चूक पहारेकऱ्याच्याच लेखात होते, आणि मग त्या पेशीला अडविणारे कोणी उरत नाही. चुना अस्तराला भाजतो, जखम भरण्यासाठी पेशी अधिक वेगाने दुभंगतात, आणि चुकीची संधी वाढते.

ह्या चुका प्रत्यक्ष वाचण्याचे कामही महाराष्ट्राच्या भूमीवर झाले. परळचे संशोधन केंद्र १९६६ मध्ये रुग्णालयाशी एकत्र आले होते, आणि २००२ च्या सुमारास संशोधनाचा संसार नवी मुंबईतील खारघर येथे हलला. तेथील शास्त्रज्ञ आणि बंगालमधील कल्याणी येथील संस्था ह्यांनी मिळून हिरडी व गाल ह्यांच्या कर्करोगाच्या ११० रोग्यांच्या जनुकांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पी-५३ सह अनेक जनुकांतील बिघाड त्यात दिसून आले, आणि काही जनुके तर ह्या रोगाच्या संदर्भात प्रथमच पुढे आली. मौज ही की, अभ्यासासाठी निवडलेला रोग हिरडी आणि गाल ह्यांच्या मधल्या घडीतला, म्हणजे पुडी ठेवण्याच्या जागेचाच. खानोलकरांनी ज्या ठिकाणी बोट ठेवले होते, तेथेच सत्तर वर्षांनी जनुकवाचक यंत्र येऊन पोहोचले. रेणूंच्या शास्त्राने सवयीच्या शास्त्राला मागे टाकले नाही. त्याने त्याच्यावर मोहोर उमटविली.

(५)

मग ज्ञान इतके जुने असता रोग का हटला नाही? ह्याचे उत्तर अज्ञान असे देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. १९५५ चे सत्य सिद्ध झाल्यानंतर काही दशकांनी, पानवाल्याच्या हातचा विडा मागे सारून चकचकीत पुडी बाजारात आली. विड्याला वेळ लागे, पुडीला लागत नाही. विडा मोठ्यांसमोर खाण्यास संकोच वाटे, पुडी मुलाच्या खिशात मावते. ज्या वेगाने पुडी पसरली त्या वेगाने परळचे ज्ञान पसरले नाही, कारण पुडीमागे विक्रेता होता आणि ज्ञानामागे नव्हता. राज्यांच्या गुटखाबंदीला २०१२ मध्ये मध्य प्रदेशापासून आरंभ झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि छत्तीसगड ह्यांनीही बंदी घातली. त्यावर बाजाराने शोधलेली युक्ती सर्वश्रुत आहे: पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत, मिश्रण गिऱ्हाइकाने तोंडात करावे.

शिवाय कामगाराची सवय ही केवळ चैन नव्हे. लांबलेली पाळी, भट्टीजवळची धग, अवेळी लागणारी भूक आणि रात्रीची झोप ह्यांना आवरण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन असते. त्यास नुसता उपदेश करणाऱ्याने हेही स्मरावे की, बाहेरच्या दूषित हवेलाही आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले आहे. पुडी टाकणे कामगाराच्या हाती आहे. धुराडे त्याच्या हाती नाही. पहिल्याबद्दल त्याला सांगावे आणि दुसऱ्याबद्दल त्याच्या वतीने बोलावे, हे दोन्ही सुशिक्षितांकडे येते.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार छत्तीसगडातील तंबाखूसेवकांचे प्रमाण २००९-१० मध्ये ५३.२ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते ३९.१ टक्क्यांवर आले. सात वर्षांत शंभरांतील चौदा माणसे कमी झाली. सवयीचा नकाशा बदलतो, तो बदलता येतो, असाच ह्याचा अर्थ. मध्यंतरी रायपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विभागीय कर्करोग केंद्र उभे राहिले आहे. तेव्हा दोनतीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा, किंवा स्वतःची तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड, ह्यांपैकी काहीही दिसल्यास मुंबईची वाट धरण्यापूर्वीच दार ठोठावण्यास जवळ जागा आहे. आरंभी सापडलेला मुखकर्करोग बरा होऊ शकतो. आपल्याकडे तो उशिरा सापडतो, म्हणूनच तो इतका भयंकर वाटतो.

आता आपल्यापुरते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणूस छत्तीसगडात आहे. आपण येथे काय आणले ह्याची यादी करताना आपण ग्रंथालये, नाटके, गणेशोत्सव आणि शाळा सांगतो. त्या यादीत खर्रा लिहीत नाही. पण तोही आपल्याच वाटेने आला आहे. ज्या भाषेच्या माणसांनी ह्या रोगाचे कारण शोधले, त्याच भाषेच्या माणसांबरोबर त्याचे एक कारणही प्रवास करीत आले, हा योग विचार करण्याजोगा आहे.

ह्याच प्रदेशात, पेंड्रा येथून, माधवराव सप्रे ह्यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. मातृभाषा मराठी असता त्यांनी ते हिंदीत काढले, कारण ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांची भाषा ती होती. खानोलकरांचे निबंध इंग्रजीत राहिले. त्यांविषयीचा हा लेखही मराठीत, म्हणजे आपल्याच घरात आहे. बीरगांवच्या पाळीवरून परतणाऱ्या माणसाला आणि गुडाखूची डबी पदराला बांधणाऱ्या त्याच्या घरधनिणीला परळचे ते जुने सत्य त्यांच्या छत्तीसगढ़ी बोलीत सांगण्याचे काम अजून बाकी आहे. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी माणूस असतो. आरंभ तेथून व्हावा.